जुन्या बीटलला मोठा कार्ब्युरेटर टाकला की ती जोरात पळते का? खरं गणित वेगळंच आहे

डिस्नेचा १९६८ चा ‘द लव्ह बग’ हा सिनेमा तुम्ही बघितला नसेल, पण त्यातली ती ५३ नंबरची पांढरी, गोल डोळ्यांची गाडी एखाद्या रीलमध्ये नक्की बघितली असेल. तिचं नाव हर्बी. आणि ती गाडी म्हणजे फोक्सवॅगन बीटल.

जगभरात २ कोटी १५ लाखांहून जास्त बीटल बनल्या. शेवटची ३० जुलै २००३ ला मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलीत एखादी बीटल दिसतेच, आणि तिच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दीही असते.

आता समजा, तुम्ही किंवा तुमच्या मित्राने अशी एखादी जुनी बीटल घेतली. महिनाभरात तक्रारी सुरू होतात. सकाळी लवकर चालू होत नाही, पिकअप घेत नाही, सिग्नलला बंद पडते. मग कुणीतरी सल्ला देतं, “अरे, ओरिजनल कार्ब काढून टाक, डबल वेबर बसव. रॉकेट होईल रॉकेट!”

हा सल्ला अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्या भागामुळे इंजिनं तापून खराब झालीयत आणि काही गाड्या जळाल्यासुद्धा आहेत. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी नेमकी भानगड काय आहे ते समजून घेऊया.

कार्ब्युरेटर नेमकं करतो काय?

पेट्रोल पातळ असतं तोवर ते इंजिनच्या कामाचं नसतं. त्याचे बारीक थेंब करून हवेत नीट मिसळले की मगच ते व्यवस्थित जळतं. हे मिसळण्याचं काम कार्ब्युरेटर करतो. हंगेरीच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी १८९३ मध्ये त्याचं पेटंट मागितलं होतं. म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

अत्तराची फवारणीची बाटली आठवा. फुगा दाबला की हवा नळीच्या तोंडावरून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालचं अत्तर वर खेचलं जाऊन फवारा उडतो. कार्ब्युरेटरमध्ये हेच होतं. फक्त हवा ढकलायला फुगा नसतो, पिस्टन खाली जाताना हवा ओढून घेतो. ही हवा एका अरुंद गळ्यातून जाते, त्याला व्हेंचुरी म्हणतात. तिथे तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर येतं.

या जेटवर नंबर असतो. बीटलच्या १६०० सीसी इंजिनावरच्या एका नेहमीच्या कार्बमध्ये १२७.५ नंबरचा मेन जेट असतो. त्याचा अर्थ भोक साधारण १.२७५ मिलिमीटरचं. म्हणजे अख्ख्या गाडीचा स्वभाव एका टाचणीच्या टोकाएवढ्या भोकावर ठरतो. म्हणूनच पेट्रोलच्या टाकीतला गंजाचा एक कण आत गेला तरी गाडी झटके खायला लागते आणि मेकॅनिक म्हणतो, “जेटमध्ये कचरा अडकलाय.”

एअर-कूल्ड इंजिनात चूक महाग का पडते?

बीटलला रेडिएटर नाही. मागे बसवलेलं चार सिलिंडरचं इंजिन एका पंख्याच्या हवेवर आणि आतल्या ऑइलवर थंड राहतं. जर्मनीच्या थंडीत हे वरदान होतं, कारण गोठायला पाणीच नव्हतं.

पण याची दुसरी बाजू अशी की, चूक पोटात घालायलाही पाणी नाही. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, ज्याला ‘लीन’ म्हणतात, की सिलिंडर हेडचं तापमान चढायला लागतं. पाण्याच्या इंजिनात काटा वर गेलेला दिसतो. बीटलमध्ये तर तापमानाचा काटाच दिलेला नाही. ड्रायव्हरला कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

त्यात जुन्या बीटलचा तीन नंबरचा सिलिंडर मुळातच दुर्दैवी. ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात असा बसवला होता की, त्याच्यावरून तापून आलेली हवा या सिलिंडरकडे जायची. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर बाजूला वेगळ्या कप्प्यात हलवला. पण त्याआधीच्या इंजिनात तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटणं ही ओळखीची गोष्ट होती. त्यामुळे चुकीच्या जेटचा फटका सगळ्यात आधी इथे बसतो.

मोठा कार्ब म्हणजे जास्त ताकद? जरा आकडेमोड करूया

१६०० म्हणतो ते इंजिन प्रत्यक्षात १५८४ सीसीचं आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतात. म्हणजे एका फेरीला ७९२ सीसी हवा. २००० आरपीएमला मिनिटाला १५८४ लिटर. पण कुठलंही साधं इंजिन शंभर टक्के भरत नाही. ८० टक्के धरले तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर मिनिटाला साधारण १२७० लिटर हवा आत जाते.

स्टॉक कार्बचा व्हेंचुरी २६ मिलिमीटरचा आहे. एवढी हवा तिथून जाताना सरासरी वेग येतो सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटरच्या वर. या वेगाला पेट्रोल छान फुटतं.

आता त्याच जागी ३४ मिलिमीटरचा गळा बसवा. हवा तेवढीच, पण वेग उतरतो २३ मीटरवर. आणि पेट्रोल खेचणारा दाबातला फरक वेगाच्या वर्गावर चालतो. म्हणजे वेग जवळपास निम्मा झाला तर ओढ राहते फक्त एक तृतीयांश. पेट्रोलचे थेंब मोठे पडतात, मिश्रण बिघडतं. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि गाडी आधी अडखळते, मग उचलते.

मोठ्या कार्बचा फायदा वरच्या आरपीएमला मिळतो. पण हे इंजिन साधारण ४००० आरपीएमलाच आपली ५० हॉर्सपॉवरची कमाल ताकद देतं. कॅमशाफ्ट, हेड आणि सायलेन्सर ओरिजनल ठेवून फक्त गळा मोठा केला तर त्या वरच्या आरपीएमपर्यंत इंजिन दम धरतच नाही. नळ मोठा बसवला, पण आतला पाइप अर्ध्या इंचाचाच राहिला, असा हा प्रकार.

आधी बघा, तुमच्याकडे आत्ता कुठला कार्ब आहे

बीटलवर बहुतेक वर्षं सोलेक्स कार्ब आले. नावातला आकडा म्हणजे थ्रॉटलच्या बोअरचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

* २८ पिक्ट: साठच्या दशकातल्या १२०० सीसी इंजिनावर.
* ३० पिक्ट-१, २ आणि ३: साठच्या दशकाच्या मध्यापासून १९७० पर्यंतच्या १३००, १५०० आणि सुरुवातीच्या १६०० सीसी इंजिनांवर. ही ‘सिंगल पोर्ट’ इंजिनं, म्हणजे एका हेडमधल्या दोन सिलिंडरना हवा आत यायला एकच वाट.
* ३४ पिक्ट-३: १९७१ पासूनच्या १६०० ‘ड्युअल पोर्ट’ इंजिनावर. इथे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट आहे.

३० आणि ३४ च्या बुडाच्या बोल्टचं अंतर वेगळं असतं. ॲडॉप्टरशिवाय एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणून ‘बीटलचा कार्ब’ एवढंच सांगून ऑनलाइन मागवू नका. कार्बच्या अंगावर कोरलेलं नाव आणि इंजिन नंबर दोन्ही आधी तपासा.

निम्म्या वेळा कार्बचा दोषच नसतो

कार्बवर खापर फोडण्याआधी हा क्रम पाळा. यातल्या बऱ्याच गोष्टी एका सकाळी होतात.

१. व्हॉल्व्ह क्लिअरन्स: इंजिन पूर्ण थंड असताना ०.१५ मिलिमीटर. हे सेटिंग दर ५००० किलोमीटरला बघावं लागतं.

२. पॉइंट आणि टायमिंग: पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर. तो आधी, टायमिंग नंतर. उलटं केलं तर दोन्ही चुकतात.

३. हवेची गळती: मॅनिफोल्डचे रबरी जोड चिरले असतील किंवा थ्रॉटलचा दांडा झिजून हलत असेल, तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि मिश्रण लीन होतं. नवा कार्ब बसवून ही गळती थांबत नाही.

४. आयडल सोलेनॉइड: कार्बवर वायर जोडलेला छोटा पितळी दट्ट्या असतो. इग्निशन ऑन करून वायर काढून परत लावा. ‘टक’ आवाज आला पाहिजे. नाही आला तर स्लोला गाडी बंद पडणारच.

५. डिस्ट्रिब्युटर: हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. अनेक गाड्यांवर मागच्या मालकाने बॉशचा ‘००९’ डिस्ट्रिब्युटर बसवलेला असतो. त्यात व्हॅक्यूम ॲडव्हान्स नसतो, स्पार्क फक्त आरपीएमनुसार पुढे सरकतो. पण ३४ पिक्ट-३ हा प्रदूषणाचे नियम पाळण्यासाठी खालच्या आरपीएमला मुळातच लीन ठेवलेला कार्ब आहे. त्याला व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर लागतो. ही जोडी जमली नाही की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. लोक कार्ब बदलतात, दुखणं मात्र तिथेच राहतं.

अजून एक नेहमीची चूक. ३४ पिक्ट-३ मध्ये स्लो वाढवायला थ्रॉटलच्या दांड्याचा स्क्रू फिरवायचा नसतो. बाजूला एक मोठा बायपास स्क्रू आणि एक छोटा मिश्रणाचा स्क्रू असतो. मोठ्याने स्लो साधारण ८५० आरपीएमला आणायचा, छोट्याने मिश्रण जुळवायचं. दांड्याचा स्क्रू फिरवला की थ्रॉटलची पाती जागेवरून सरकते आणि व्हॅक्यूमचं सगळं गणित फिसकटतं.

हे सगळं ठीक आहे, तरी बदलायचाच आहे. मग पर्याय कुठले?

पहिला पर्याय: ओरिजनल कार्ब दुरुस्त करणं. रोजच्या किंवा रविवारच्या फेरफटक्यासाठी स्टॉक इंजिन असेल तर हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. नवं गॅस्केट किट, निडल व्हॉल्व्ह, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा आणि दांडा झिजला असेल तर नवं बुशिंग. जुन्या सोलेक्सची घडण चांगली आहे, तो फेकून द्यायची घाई करू नका.

दुसरा: ३०/३१ पिक्ट. बदली म्हणून बाजारात मिळणारा सोपा कार्ब. ओरिजनल दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर उपयोगी.

तिसरा: एकच वेबर ३२/३६, मधोमध. याला दोन नळ्या असतात. हळू चालवताना एक उघडते, जोरात दाबलं की दुसरी. कागदावर मस्त वाटतं. पण अडचण कार्बमध्ये नाही, बीटलच्या मांडणीत आहे. मधल्या कार्बपासून दोन्ही टोकांच्या हेडपर्यंत मिश्रणाला लांब पाइपातून जावं लागतं. पेट्रोलचं बाष्प होताना ते आजूबाजूची उष्णता शोषतं, पाइप गार पडतो आणि पेट्रोल परत भिंतीला चिकटतं. दमट हवेत तर १०-१५ अंश तापमानातही पाइपवर दव किंवा बर्फ धरतो.

म्हणूनच फोक्सवॅगनने मॅनिफोल्डखालून गरम एक्झॉस्टची एक बारीक नळी फिरवलीय. ती काजळीने बुजलेली असेल किंवा नव्या किटमध्ये नसेलच, तर कार्ब कितीही महाग घ्या, गाडी अडखळणारच.

चौथा: दोन्ही बाजूंना एकेक कार्ब. इथे खरी सुधारणा दिसते. प्रत्येक हेडवर स्वतःचा कार्ब, त्यामुळे वाट आखूड आणि गरम नळीची गरज नाही. ब्राझीलमध्ये बीटलला फुस्का म्हणतात, तिथून आलेले ४० मिलिमीटरचे काड्रॉन किंवा इटालियन घराण्याचे वेबर ३४ आयसीटी हे यातले प्रसिद्ध प्रकार. स्टॉक किंवा थोड्याशा सुधारलेल्या १६०० इंजिनाला हे शोभतात. पिकअप सुधारतो, चारही सिलिंडरना मिश्रण जास्त सारखं मिळतं.

पाचवा: दोन वेबर ४० आयडीएफ किंवा डेलॉर्टो डीआरएलए. प्रत्येक कार्बला दोन नळ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी. बोअर वाढवलेलं इंजिन, वेगळा कॅम आणि मोकळा एक्झॉस्ट असेल तर यांच्यासारखी मजा नाही. पण चार मेन जेट, चार आयडल जेट आणि चार एअर जेट, असे बारा जेट तुम्हाला जुळवावे लागतात. शेजारच्या इंजिनाला लागू पडलेला नंबर तुमच्या इंजिनाला लागू पडेलच असं नाही.

दोन कार्ब लावले की आणखी एक काम मागे लागतं, ते म्हणजे दोघांना सारखं श्वास घ्यायला लावणं. त्यासाठी हवेचा प्रवाह मोजणारं छोटं मीटर मिळतं. त्यातही मेख अशी की, तापल्यावर हे इंजिन रुंदीला किंचित वाढतं आणि दोन्ही कार्ब जोडणाऱ्या दांड्याचं सेटिंग सरकतं. म्हणून हे जुळवणं नेहमी गरम इंजिनावर करायचं.

या जोड्यांना बहुतेक वेळा चोक नसतो. जर्मनीच्या हिवाळ्यात तो मोठा प्रश्न, पण आपल्याकडे दोन-तीनदा ॲक्सिलरेटर दाबून गाडी चालू होते.

आपल्या पंपावरचं पेट्रोल बदललंय, हे विसरू नका

भारतात फेब्रुवारी २०२३ पासून ई-२० पेट्रोल मिळायला लागलं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला लागते ९ किलो. हिशेब केला तर ई-२० ला साधारण १३.५ किलो.

म्हणजे तेवढ्याच हवेत आता जवळपास ८ टक्के जास्त इंधन पाहिजे. नवीन गाड्यांतला सेन्सर हे स्वतः ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्बला कसं कळणार? त्याचं भोक तेवढंच. मग इंजिन आपोआप लीन चालतं, आणि एअर-कूल्ड इंजिनात लीन म्हणजे काय ते आपण वर बघितलंच.

उपाय म्हणजे मेन जेट एक-दोन नंबरने वाढवणं, १२७.५ च्या जागी १३० किंवा १३२.५. मग प्लगचा रंग बघायचा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर थांबा आणि परत तपासा.

सगळ्यात महत्त्वाचं: आग

बीटलचं इंजिन मागच्या बंद कप्प्यात असतं. पेट्रोलचा पाइप, डिस्ट्रिब्युटरची ठिणगी आणि तापलेलं एक्झॉस्ट हे तिघं हातभर अंतरात. त्यात इंजिनची केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. तिने एकदा पेट घेतला की पाणी मारून ती विझत नाही, उलट आणखी भडकते.

आणि सुरुवात कुठून होते? बहुतेक वेळा दहा रुपयांच्या गोष्टीपासून. जुना रबरी पाइप इथेनॉलमुळे चिरतो. किंवा कार्बमध्ये नुसती दाबून बसवलेली पितळी नळी, जिला पाइप जोडतो, ती धक्क्यांनी सैल होऊन निसटते आणि पंप पेट्रोल थेट इंजिनावर ओततो.

म्हणून कार्ब बदला किंवा नका बदलू, हे कराच:

* सगळे पेट्रोलचे पाइप इथेनॉल झेपणारे, नवे आणि क्लिप लावलेले असू द्या. दरवर्षी हाताने दाबून, वाकवून तपासा.
* ती पितळी नळी हलते का बघा. हलत असेल तर चांगल्या मेकॅनिककडून ती पक्की करून घ्या.
* प्लॅस्टिकचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर लटकवू नका. तो इंजिनच्या कप्प्याबाहेर बसवा.
* वेबर लावणार असाल तर पंपाचा दाब मोजा. तीन पीएसआयच्या आसपास पुरतो. जास्त झाला तर फ्लोटची सुई हार मानते आणि कार्ब ओसंडतो.
* पेट्रोलचा वास आला तर ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ असं म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, बंद करा.
* गाडीत सीटजवळ ड्राय पावडरचा एक्स्टिंग्विशर ठेवा. पेट्रोलची आग पहिल्याच मिनिटात विझवता आली पाहिजे, केसिंगपर्यंत पोचायच्या आत.

आणि जुना कार्ब भंगारात देऊ नका

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबर प्लेटसाठी पात्र ठरू शकते. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा ही अट आहे. त्यामुळे १९७१ ची बीटल आज या रांगेत उभी राहू शकते. मोठे बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करा. आणि काढलेला सोलेक्स, मॅनिफोल्ड, एअर फिल्टर नीट पुसून, खोक्यात घालून, नाव लिहून ठेवा.

मग शेवटी काय घ्यावं?

इंजिन स्टॉक असेल तर ओरिजनल सोलेक्स, बरोबर डिस्ट्रिब्युटर आणि ई-२० साठी थोडा मोठा जेट. याच्यापुढे जायची हौस असेल तर काड्रॉन किंवा ३४ आयसीटीची जोडी. इंजिनच मोठं बांधलं असेल तर आयडीएफ. आणि यातलं काहीही करण्याआधी पेट्रोलचा पाइप. तोही आजच.

हर्बी सिनेमात रेस जिंकते, कारण ती सिनेमातली गाडी आहे. तुमच्या बीटलने रेस जिंकायची गरज नाही. पन्नास वर्षांनी ती पहिल्या सेल्फला चालू होते आणि तुम्हाला सुखरूप घरी आणते, एवढं जमलं तरी तिने आपलं काम केलं.